मादी अंड्यांवरून उठली, अंडी गार पडली: टाकायची की ठेवायची?

पक्षी पाळणाऱ्यांचा फोन बहुतेक वेळा सकाळी साडेसहा-सातला येतो. आवाज रडवेला. ‘काका, मादी दांडीवर बसलीये, अंडी बर्फासारखी लागतायत. टाकून देऊ का?’ माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे. आज काही टाकायचं नाही. गार लागणारं अंडं मेलेलंच असतं असं नाही, आणि हाताला कळतं ते फक्त तापमान, आतल्या जिवाचं काही कळत नाही.

माझ्याकडे बजी आणि कॉकटेल हे छोटे पाळीव पोपट आहेत. (कॉकटिएल हा खरा उच्चार बाजारात कुणी करत नाही, मीही करत नाही. आणि आपल्याकडे बजींनाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात, तेव्हा विचारताना पक्षी नेमका कोणता ते आधी सांगा, कारण दिवस बदलतात.) बजीचं अंडं मादी बसल्यापासून साधारण १८ दिवसांत फुटतं, कॉकटेलचं १८ ते २१, आफ्रिकन लव्हबर्डचं २२-२३ आणि झेब्रा फिंचचं १२ ते १४. यातला ‘बसल्यापासून’ हा शब्द महत्त्वाचा. निम्मे गोंधळ तिथेच होतात.

बजीची मादी एक दिवसाआड अंडं घालते. नवखी असेल तर पहिल्या एक-दोन अंड्यांकडे ढुंकूनही बघत नाही. अंडं मटक्यात (घरट्यासाठी पिंजऱ्यात बांधलेल्या मातीच्या मडक्यात) एकटं पडून असतं, आपण बोट लावतो, गार लागतं आणि आपण घाबरतो. पण तिथे उबवण तुटलेलीच नसते, ती अजून सुरू व्हायची असते. अंडं घातलं जातं तेव्हा आतल्या जिवाची वाढ हजारो पेशींपर्यंत होऊन थांबलेली असते. ऊब मिळेपर्यंत तो निजून राहतो.

गावाकडे आजीला हे पुस्तक न वाचता ठाऊक होतं. कोंबडी रोज एक अंडं घालायची. आजी ते उचलून भुशाच्या टोपलीत, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवायची. कोंबडी खुडूक झाली की दहा-बारा अंडी एकदम तिच्याखाली सारायची. आठवडाभर जुनं आणि कालचं, दोन्ही २१व्या दिवशी बरोबरच फुटायची. कोंबडीची उबवायची अंडी १५ ते १८ अंशांत आठवडाभर ठेवली तर फारसं नुकसान होत नाही, त्यानंतर मात्र दर दिवसाला उमेद कमी होत जाते. पाळीव पोपटवर्गीय पक्ष्यांनाही मी हाच हिशोब लावतो.

फक्त एक लक्षात ठेवा. आजीचा कोपरा गार होता. विदर्भात एप्रिल-मे महिन्यात खोलीच ३२-३५ अंशांवर असेल तर अंडं नीट निजतही नाही आणि नीट जागंही होत नाही. वाढ थांबण्याचा उंबरठा साधारण २५ अंशांच्या आसपास धरतात. कुणी २१ सांगतं, कुणी २७. त्याच्या वर आणि उबवणीच्या ३७-३७.५ अंशांच्या खाली वाढ होते ती वेडीवाकडी: एक अवयव पुढे, दुसरा मागे. म्हणून बसण्याआधी अंडं चार दिवस पुण्याच्या जानेवारीत पडून राहिलं तर मला चिंता वाटत नाही. नागपूरच्या मेमध्ये ते चार दिवस पडलं तर वाटते.

बसल्यानंतर उठली असेल तर

आता खरा प्रश्न. मादी पाच-सात दिवस घट्ट बसली होती आणि मग उठली.

आधी घड्याळ बघा. मादी दिवसातून काही वेळा उठतेच. विष्ठा टाकायला, पाणी प्यायला, अंग ताणायला. दहा-वीस मिनिटं बाहेर राहिली म्हणजे तिने अंडी सोडली असं नव्हे. बसलेल्या बजी मादीची विष्ठा एरवीपेक्षा चांगली चौपट मोठी आणि घाण वासाची असते, कारण ती तासन् तास धरून ठेवते. तशी विष्ठा ताजी दिसली तर ती बसते आहे, तुम्ही फक्त चुकीच्या वेळी डोकावलात.

खरंच काही तास गेले असतील तर मी तीन गोष्टी विचारतो. बसून किती दिवस झाले, किती वेळ गार होती, आणि खोलीत साधारण किती थंडी होती. यातला ‘किती वेळ’ लोक नेहमी कमी सांगतात, कारण बघितलं ते सकाळी. उठली कधी ते कुणालाच माहीत नसतं.

सुरुवातीच्या तीन-चार दिवसांत गर्भ बराच सोशिक असतो. गार पडला की वाढ थांबते, ऊब मिळाली की पुढे सुरू होते. मधला काळ सगळ्यात नाजूक. रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं, हृदय धडधडतंय, पण स्वतःची ऊब करायची ताकद अजून आलेली नाही. शेवटच्या पाच-सहा दिवसांत पिल्लू मोठं झालेलं असतं, स्वतःही थोडी उष्णता तयार करतं आणि काही तासांचा गारवा पुन्हा बऱ्यापैकी पेलतं. कोंबडीच्या उबवणी यंत्राची वीज गेली आणि अंडी १८ तासांपर्यंत ३२ अंशांखाली राहिली, तरी पिल्लं निघाल्याचं कुक्कुटपालनवाले सांगतात. पण ते अंडं ५५-६० ग्रॅमचं असतं. बजीचं अंडं जेमतेम अडीच ग्रॅमचं. ते अर्ध्या तासात खोलीइतकं गार होतं. त्यामुळे कोंबडीचा आकडा उचलून बजीला लावू नका, त्यातला धीर तेवढा घ्या.

पक्ष्यांचा गर्भ किती चिवट असू शकतो याचा टोकाचा नमुना उत्तर पॅसिफिकमध्ये आहे. फोर्क-टेल्ड स्टॉर्म-पेट्रेल नावाचा छोटा समुद्रपक्षी अन्नाच्या शोधात लांब जातो आणि एकुलतं अंडं थंड बिळात कित्येकदा दिवस-दिवस उघडं पडतं. असे उघडे दिवस एकूण दहा-अकरा भरले तरी त्यातून पिल्लं निघतात, फक्त उशिरा. आपले बजी-कॉकटेल ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, तापट मुलखातले, त्यांच्याकडून ती अपेक्षा नको. पण ‘उशिरा निघतं’ हा भाग मात्र त्यांनाही लागू आहे.

माझा अनुभवाचा हिशोब असा: २०-२५ अंशांच्या खोलीत दोन-तीन तास गेले तर मी डोळे मिटून पुढे चालू ठेवतो. पूर्ण रात्र गेली तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या टप्प्यातल्या अंड्यांना संधी देतो, मधल्यांची फारशी आशा धरत नाही, पण टाकत नाही. दोन दिवस गेले असतील तर देवाला हात जोडतो.

लगेच काय करायचं

हात धुऊन, पुसून, कोरडे करा. अंडी हलवू नका, गुंडाळू नका. ज्या बाजूने पडली आहेत तशीच जागेवर राहू द्या. पिंजऱ्यावर पातळ कापड टाका, खोलीतली वर्दळ थांबवा आणि तासभर लांब जा. दहातल्या सहा-सात वेळा मादी आपण गेल्यावरच परत बसते, आणि आपण मात्र दर पाच मिनिटांनी ‘बसली का’ म्हणून झाकण उघडत असतो.

केस वाळवायचं यंत्र, गॅसची शेगडी, चहाचा गरम कप, साठ वॅटचा बल्ब अगदी जवळ: यातलं काहीही नको. गारव्याने जितकी अंडी जात नाहीत तितकी ती गरम करण्याच्या धांदलीत जातात. ४० अंशांच्या वर काही तास गेले की गर्भ शिजतो, सरळ शब्दात. गारव्यातून तो परत येऊ शकतो, यातून नाही. गार अंडं हळूहळूच कोमट व्हायला हवं, आणि त्याला आईचं पोट सगळ्यात उत्तम.

धुऊही नका. कवचावर एक अदृश्य थर असतो, तो गेला की जंतू आत शिरतात. अंडं पाण्यात सोडून हलतं का बघायची जुनी युक्ती मला मुळीच आवडत नाही. बारीकशी चीर असेल तर ती तेवढीच नेलपॉलिशच्या किंवा पांढऱ्या गोंदाच्या एका पातळ थेंबाने बुजवा. अख्ख्या अंड्याला लेप नको, आतला जीव कवचातूनच श्वास घेतो.

टॉर्च कधी आणि कसा

गार सापडलेल्या अंड्याला त्याच सकाळी टॉर्च लावून निकाल देता येत नाही. गारठ्यात हृदय इतकं मंद होतं की जिवंत अंडंही मेल्यासारखं दिसतं. मादी परत बसल्यावर तीन-चार दिवस जाऊ द्या.

मग काळ्या पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाडा, ते मोबाइलच्या टॉर्चवर धरा आणि अंधारात अंड्याचं जाड टोक त्यावर टेकवा. उचलायचं नसेल तर पेनासारखा छोटा टॉर्च मटक्यातच बाजूने लावला तरी चालतं. पाचव्या-सहाव्या दिवशीचं चांगलं अंडं बघितलं की विसरता येत नाही: गुलाबी उजेडात लाल कोळ्याचं जाळं, मध्ये तिळाएवढा गडद ठिपका, आणि श्वास रोखून बघितलंत तर तो ठिपका धडधडतो. फोल अंडं लिमलेटच्या गोळीसारखं एकसारखं पिवळसर, आरपार. मधेच मेलेलं असेल तर जाळं विरून जातं आणि आत लाल बांगडी दिसते, एक स्पष्ट गोल कडी. ती दिसली की शंकेला जागा नाही.

दहाव्या दिवसानंतर आत काळोख भरतो आणि जाड टोकाला हवेची पोकळी उजळ दिसते. त्या दोहोंमधली रेघ स्वच्छ असेल आणि तिच्या कडेला रक्तवाहिन्या असतील तर ठीक. रेघ पुसट, वाहिन्या गायब आणि अंडं तिरकं केल्यावर आत काळसर पाणी डुचमळत असेल तर संपलं. टॉर्चशिवायही एक खूण आहे: वाढणारं अंडं गुलाबीसर, पारदर्शक न राहता खडूसारखं पांढरं, अपारदर्शक होत जातं.

तीच जोडी पुन्हा पुन्हा उठत असेल तर

एखादी खेप गेली तर नशीब म्हणा. लागोपाठ दोन गेल्या तर कारण घरात आहे.

माझ्या एका कॉकटेल जोडीने लागोपाठ तीन खेपा अशाच सोडल्या. पहिली नवव्या दिवशी, दुसरी सहाव्या, तिसरी परत नवव्या. दर वेळी सकाळी अंडी गार आणि मादी दांडीवर, तुरा ताठ. मी नराला दोष दिला, खाद्य बदललं, राळ्याबरोबर भिजवलेली मटकी सुरू केली, अंडी घालायची पेटी बदलली. काही फरक नाही. शेवटी एका रात्री हॉलमध्ये पिंजऱ्याशेजारी गादी टाकून झोपलो. पावणेबाराला खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी वळली. हेडलाइटचा पट्टा छतावरून फिरला, पिंजऱ्यावरून सरकला आणि क्षणात आत धडपड सुरू झाली. मादी पेटीतून बाहेर उडाली, जाळीवर आपटली, मग दांडीवर चढून गोठून बसली. गाडी गेली, अंधार झाला. ती पहाटेपर्यंत तशीच.

तेव्हा कोडं उलगडलं. कॉकटेलमध्ये साधारणपणे दिवसा नर बसतो आणि रात्री मादी. रात्री दचकणं ही तर या जातीची खोडच. आणि एकदा अंधारात बाहेर पडली की तिला पेटीचं भोकच सापडत नाही. तिने अंडी सोडलेली नव्हती, तिला परतीची वाट दिसत नव्हती.

उपाय पाच मिनिटांचा होता. खिडकीच्या बाजूला जाड चादर आणि भिंतीवर एक झिरो बल्ब. चौथ्या खेपेला पाच अंडी आली. आठव्या रात्री वीज गेली, बल्ब विझला आणि बाई पुन्हा बाहेर. सकाळी सहाला बघितलं तेव्हा अंडी दगडासारखी. खोलीत १९ अंश होते. उजाडताच नर आत गेला आणि बसला. चार दिवसांनी टॉर्च लावला: एकात लाल बांगडी, चारांत जाळं आणि हालचाल. त्यातली तीन फुटली, ठरलेल्या दिवसापेक्षा दीड-दोन दिवस उशिरा. चौथ्यातलं पिल्लू पूर्ण वाढून कवचातच गेलं. आता त्या झिरो बल्बला बॅटरीवरचा दिवा जोडीदार दिला आहे.

तुमच्या घरी कारण वेगळं निघेल. बजींमध्ये मादी एकटीच बसते आणि नर तिला भरवतो, त्यामुळे नर आजारी पडला किंवा दुसऱ्या मादीच्या मागे लागला की पहिली भुकेने बाहेर येते. एका पिंजऱ्यात चार जोड्या आणि चारच मटकी असतील तर भांडणं अटळ. मटकी जोड्यांपेक्षा जास्त आणि सगळी एकाच उंचीवर हवीत. रात्री पेटीत पांढरा रुमाल ठेवा आणि सकाळी त्यावर लाल-तपकिरी ठिपके चालताना दिसले तर माइट्स (रक्त शोषणारे बारीक किडे) आहेत. ते दिवसा फटीत लपतात आणि रात्री मादीला बसू देत नाहीत. मुंग्या, पाली, गॅलरीत घुटमळणारी बोक्याची सावली हे नेहमीचेच. गणपतीतला ढोल-ताशा आणि दिवाळीतले फटाके तर सगळ्यांना माहीत आहेत, तरी लोक नेमकी त्याच महिन्यात मटकी बांधतात. पावसाळा सरला की पक्षी जोमात येतात हे खरं, पण पेटी कधी द्यायची ते आपल्या हातात आहे.

सपाट तळाच्या पेटीत आणखी एक होतं. अंडी पसरतात आणि रोज वेगळं एक मादीच्या पोटाबाहेर राहतं. मग मालक सांगतो, ‘बाकी गरम, एकच गार.’ तळाला खोलगट वाटीसारखा खळगा हवा. सात-आठ अंडी असतील तर खळगाही पुरत नाही. त्यातली दोन दुसऱ्या जोडीखाली सरकवावीत.

मादी परत बसलीच नाही तर

दुसरी जोडी हाच पहिला पर्याय. त्याच जातीची, तीन-चार दिवसांच्या फरकाने बसलेली मादी असेल तर अंड्यावर मऊ पेन्सिलीने हलकी खूण करा आणि ती बाहेर आली असताना अंडं आत सारा. बजी याबाबतीत भोळे असतात, मोजत बसत नाहीत.

उबवणी यंत्राचं मात्र मी दोनदा विचार करून सांगतो. थर्मोकोलचा डबा, बल्ब, छोटा पंखा, डिजिटल थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी: घरी होतं सगळं. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, ३७.२ ते ३७.५ अंश, दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि शेवटी ६५-७०. दिवसातून पाच वेळा तरी अंडी फिरवायची, शेवटचे दोन-तीन दिवस थांबवायची. हे सगळं जमतं. पण मग दोन ग्रॅमचं, डोळे मिटलेलं, नागडं पिल्लू बाहेर येतं आणि त्याला दर दीड-दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थेंबा-थेंबाने कोण भरवणार? आईच्या पहिल्या दिवसांतल्या भरवण्याची सर आपल्या पावडरीला येत नाही. नोकरीवर जाणाऱ्या माणसाने हौसेने अंडी उबवून पिल्लं उपाशी मारण्यापेक्षा ती खेप गेली असं मानलेलं मला बरं वाटतं. यंत्रात उबवून फुटायच्या आधी दोन दिवस दुसऱ्या जोडीखाली देता येत असेल तरच ते लावा.

आणि हे सगळं फक्त पाळीव परदेशी पक्ष्यांसाठी. कुंडीतल्या बुलबुलाची अंडी गार दिसली म्हणून घरात आणू नका. आपल्या वन्य पक्ष्यांना आणि त्यांच्या अंड्यांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि बुलबुल बहुधा समोरच्या तारेवर बसून तुम्ही जायची वाट बघत असतो.

अंडी उचलायची कधी

मादी बसल्याच्या तारखेपासून पूर्ण दिवस मोजा आणि वर पाच-सहा दिवस सोडा. बजीसाठी म्हणजे २३-२४, कॉकटेलसाठी २६-२७. शेवटचं अंडं उशिरा आलेलं असतं, त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. वास येणारं, काळं पडलेलं किंवा पाझरणारं अंडं मात्र त्याच दिवशी काढा. ते फुटलं तर बाकीची घेऊन जाईल. घाईने सगळी उचललीत तर मादी आठवड्या-दहा दिवसांत पुन्हा घालायला लागते आणि कवचासाठी हाडांतलं कॅल्शियम ओढते. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं हाड) पिंजऱ्यात कायम ठेवा, आणि अशी खेप गेल्यावर पेटी काढून तिला निदान दोन-तीन महिने विश्रांती द्या.

उशिरा निघणाऱ्या पिल्लांबद्दल एक. गारव्यातून वाचलेलं अंडं टोच पडल्यावरही रेंगाळतं. कवचाला पहिली चांदणीसारखी चीर दिसल्यापासून पूर्ण बाहेर यायला २४ ते ४८ तास लागू शकतात. आतून चिवचिव येत असते आणि आपल्या बोटांना खाज सुटते. कवच सोलायला जाल तर आतल्या पापुद्र्यातल्या वाहिन्या अजून भरलेल्या असतात, रक्त येतं आणि पिल्लू तिथेच जातं. माझ्या त्या चौथ्या खेपेतलं तिसरं पिल्लू चीर पडल्यावर चाळीस तासांनी बाहेर आलं. मधल्या वेळात मी दोनदा चिमटा हातात घेतला होता. बायकोने तो काढून घेतला आणि फ्रिजवर ठेवला.